आकडा वर गेला तर ये

फोन

— किती आला?

— तेवढाच.

— तेवढाच म्हणजे?

— म्हणजे मोजताच येत नाही इतका कमी. मागच्या वेळी होता तसाच.

— बघ. म्हटलं होतं ना मी. बाबा, किती बरं वाटलं मला.

— हो.

— मग आवाज असा का तुझा?

— फोन जुना झालाय.

— नवीन घे म्हटलं तर घेत नाहीस. बरं, ठेवते. आकडा छान आहे, म्हणजे आता पुढच्या तपासणीपर्यंत काळजी नाही. जेवलास का?

— जेवलो.

(जेवला नव्हता.)

कोण बोलतंय

बोलणारा रंगारी आहे. भिंती रंगवणारा नव्हे, कपडे रंगवणारा. लोक विटलेल्या पँटी, उन्हाने उडालेले पडदे, कोपरावर पांढरे पडलेले कोट घेऊन येतात. तो ते हंड्यात घालतो, मीठ टाकतो, लाकडी दांड्याने ढवळत राहतो आणि पुन्हा अंगावर घालण्याजोगे करून देतो. निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांना काळाच हवा असतो. काळ्यात सगळं झाकलं जातं.

विचारणारी त्याची मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण घरात ठमी. एकुलती एक. समुद्रापलीकडे राहते, नोकरी तिथेच, नवराही तिथलाच. तिची आई तिच्या लग्नाआधीच गेली. त्यामुळे घरात, म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, रंगारी आणि हंडे.

आकडा रंगाऱ्याच्या रक्तातला.

पण आकड्याच्या आधी पिशवी आली.

पिशवी

लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा त्याच्या ते लक्षातच आलं नाही. दुसरा कुणीही पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे धावला असता. पण या माणसाचे हात कायम कोपरापर्यंत रंगलेले. बेसिनमध्ये, टॉवेलवर, दाराच्या कडीवर कसले ना कसले डाग. संडासाचं भांडं लालसर दिसलं की तो मनात म्हणायचा, किरमिजीचा हात नीट धुतला नाही वाटतं. मग एकदा दुकानात आठवडाभर नुसता काळा चालू होता, लालचा डबा उघडलाही नव्हता, आणि भांडं तरी लालच. तेव्हा तो दाराला टेकून उभा राहिला. हा आपल्या डब्यातला रंग नव्हे, एवढं त्याला कळलं.

सर्जननी मूत्राशयच काढून टाकलं. आतड्याचा एक तुकडा घेऊन लघवीला पोटावरून वाट करून दिली. तिथे आता एक लाल, ओलं बोंड आहे आणि त्यावर चिकटवायची प्लास्टिकची पिशवी.

'आतली जुनी झाली होती म्हणाले,' असं तो समोरच्या किल्लीवाल्याला सांगतो. 'बदलून बाहेरची दिली.'

किल्लीवाला हसतो. मग रंगारीही हसतो. पिशवी भरत आली की ती जड होते, आणि बोलता बोलता रंगाऱ्याचा हात शर्टावरून तिच्याकडे जातो, पोटुशीचा जातो तसा. हे किल्लीवाल्याला दिसतं. तो तेव्हा किल्ल्यांकडे बघतो.

करार

ऑपरेशनला ठमी आली होती. नळ्या निघेपर्यंत राहिली. घरी आल्यावर एका सकाळी पिशवीची कड सुटली, चादर भिजली, गादी भिजली. ठमीने काही न बोलता सगळं काढलं, बापाला बसतं केलं, पाठ पुसून दिली, आणि हे करताना ती अगदी हळू काहीतरी गुणगुणत होती. लहान मुलाला आंघोळ घालताना गुणगुणतात तसं.

दुपारी रंगारी म्हणाला, 'जा तू आता. तिकडे काम खोळंबलंय तुझं.'

'आणि इकडे काही झालं तर?'

'झालं तर कळेलच. रक्त तपासणार आहेत ना.'

खरंच तपासणार होते. या ऑपरेशनच्या रुग्णांचं रक्त त्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी एकदा आणि मग प्रत्येक तपासणीला घेत. गाठीने रक्तात काही खूण सोडली असेल तर ती आकड्यात दिसते का, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. अशा दोन खुणा मोजत. पहिली रंगाऱ्याच्या कामाची नव्हती. त्याने आयुष्यभर सिगारेट ओढली होती, आणि ओढणाऱ्यांची ती तशीही थोडी चढलेली असते. दुसरीचं नाव सीए एकोणीस-नऊ. सर्जन दारात उभ्या उभ्या म्हणाले होते, 'मुख्य भरवसा स्कॅनचाच. पण या दुसऱ्या आकड्यावर लक्ष ठेवा. तो चढायला लागला तर आपण हातपाय हलवायचे.'

पुढचं रंगाऱ्याने ऐकलं नाही. ठमीनेही त्यातलं आकड्याबद्दलचं तेवढं धरलं.

'ठरलं,' ती म्हणाली. 'दुसरा आकडा वर गेला की मी पुढच्या विमानात. तू बोलवायचीसुद्धा गरज नाही.'

रंगाऱ्याला यातला शेवटचा भाग फार आवडला. बोलवायची गरज नाही. त्याला ते कधी जमलंच नसतं.

एक वाक्य

तो आकडा वाढावा, असं त्याला वाटायला लागलं.

त्या वाक्याबद्दल

मरायचं नव्हतं त्याला. आजार परत यावा असंही नव्हतं. अर्धी छटा हवी होती. पांढऱ्या कापडाला नुसता चहाचा हात लागावा इतकी. ठमीने तो आकडा बघावा, बॅग भरावी, यावं, आणि मग तो आकडा आपोआप उतरावा. कच्चा रंग उतरतोच. असं होत नाही, हे त्याला कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता. सकाळी उठलं की हात आधी पोटावरच्या पिशवीकडे जायचा आणि मग बाजूच्या रिकाम्या खाटेकडे नजर. ठमी होती तेव्हा त्या खाटेवर तिचा टॉवेल असायचा.

न झालेला फोन

— किती आला?

— थोडा वर गेलाय.

— थोडा म्हणजे?

— थोडाच. घाबरण्यासारखं नाही म्हणाले.

— मी येते.

— अगं, कशाला.

— ठरलंय ना आपलं.

— बरं. ये मग.

हे संभाषण तो हंडा ढवळताना करायचा. दोन्ही बाजू स्वतःच. एका वाक्यावर तो अडायचा. 'अगं, कशाला' हे म्हणायला तर हवं, नाहीतर वाट बघत बसल्यासारखं दिसेल. पण फार ठासून म्हटलं तर ती खरंच यायची नाही. वेगवेगळ्या आवाजांत तो ते म्हणून बघायचा. एकदा गिऱ्हाईक दारात उभं होतं.

'मला म्हणालात का?' त्या बाईंनी विचारलं.

'नाही. रंगाला म्हणालो.'

'रंगाशी बोलता?'

'ऐकतो तरी.'

बाईंनी पडदे काउंटरवर ठेवले आणि घाईने निघून गेल्या.

प्रयत्न

एका तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने मागच्या गल्लीत जाऊन दोन सिगारेटी ओढल्या. डोकं गरगरलं. रिपोर्टात पहिला आकडा होता तसाच थोडा चढलेला. दुसरा जिथे होता तिथेच.

'पुन्हा सुरू केलीत काय?' सर्जननी विचारलं. रंगाऱ्याच्या कोटाला वास येत असावा.

'छे हो.'

'छे हो म्हणजे किती?'

'दोन.'

ठमीला कसं कुणास ठाऊक कळलं, आणि त्या रविवारचा अख्खा फोन सिगारेटवर गेला. तरी तो बराच वेळ चालला. रंगारी मुकाट ऐकत होता. बरं चाललं होतं.

पुढच्या वेळी त्याने तपासणी पुढे ढकलली. हिशेब धंद्यातला होता. कापड हंड्यात जास्त वेळ राहिलं की छटा गडद होते. रक्तातही जे काही असेल त्याला थोडा वेळ द्यावा. रक्त काढणारी बाई म्हणाली, 'आजोबा, उशीर केलात यावेळी.' तो म्हणाला, 'मुरू दिलं.' तिला काही समजलं नाही. तिने कापूस दाबून धरायला सांगितला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आकडा: इतक्यापेक्षा कमी. नेहमीसारखाच.

समोरचं दुकान

'आला का तुझा सीए?' किल्लीवाल्याने किल्ली घासणं थांबवून विचारलं.

'आला. नापास.'

'नापास म्हणजे चांगलं ना?'

'चांगलं.'

'मग तोंड का असं, कुणी उधार कोट नेल्यासारखं?' त्याने हातातली किल्ली उजेडात धरली, फुंकली. 'माझ्या साखरेचा आकडा बघ. दर वेळी पहिल्या वर्गात. घे त्यातले थोडे.'

'दे.'

किल्लीवाला मोठ्याने हसला. रंगाऱ्याने हात पुढे केलेला होता. निळा, नखांपाशी काळा. किल्लीवाल्याचं हसू हळूहळू संपलं.

'पोरीला बोलव ना सरळ,' तो म्हणाला.

'कशाला? ठणठणीत आहे मी.'

'तेच ना. ठणठणीत असताना बोलव. आजारी पडून काय मजा.'

'तिला कामं असतात.'

'तू म्हणजे ना रंगाऱ्या,' असं म्हणून किल्लीवाल्याने मशीन सुरू केलं, आणि त्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. बहुधा शिवी असावी.

बोलावणं

हॉस्पिटलमधून फोन आला की प्रयोगशाळेत येऊन जा, डॉक्टरांना बोलायचंय.

त्या सकाळी रंगाऱ्याने दाढी केली. नवा शर्ट घातला. बसमध्ये उभ्याने जाताना त्याला आनंदासारखं काहीतरी वाटत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. गेला वर. नाहीतर बोलावतील कशाला. त्याने खिडकीच्या काचेत बघून तोंड जरा काळजीचं करून पाहिलं.

प्रयोगशाळा तळघरात होती. फ्रिजची घरघर, नळ्या फिरवणाऱ्या यंत्राचा आवाज, आणि गारठा. रक्ताच्या डॉक्टरीण बाई ठमीपेक्षा लहान वाटत होत्या. पांढऱ्या कोटाखाली जाड स्वेटर.

'बसा काका. आधीच सांगते, वाईट काही नाहीये.'

'नाही?'

'अजिबात नाही.' त्यांनी स्टूल पुढे ओढलं. 'तुमचा तो दुसरा आकडा. सगळ्यांचा थोडाफार हलतो. एकदा जरा वर, एकदा खाली. तुमचा पहिल्यापासून हललेलाच नाही. ऑपरेशनच्या आधी गाठ आत होती तेव्हाही नाही. म्हणून आम्ही तुमचं रक्त वेगळ्या तऱ्हेने तपासलं. रक्तगट माहितीय ना? ए, बी वगैरे. तसा आणखी एक प्रकार असतो. शंभरातल्या थोड्या लोकांच्या अंगात हा पदार्थ तयारच होत नाही. जन्मापासून. तुम्ही त्यांतले.'

'म्हणजे आकडा कमी नाहीये.'

'आकडाच नाहीये. यंत्राला काहीतरी छापावं लागतं म्हणून ते इतक्यापेक्षा कमी असं छापतं.'

रंगाऱ्याने यंत्राकडे पाहिलं. 'सुती कोट काळा करायला टाकला,' तो सावकाश म्हणाला, 'की कापड काळं होतं आणि शिवण पांढरीच राहते. दोरा पॉलिस्टरचा असतो. कितीही उकळा.'

'हां. तसंच काहीसं.'

'मग हा वर जाणार नाही.'

'नाही.'

'गाठ परत आली तरी?'

'तरी नाही.'

'कधीच?'

'कधीच नाही, काका.' त्यांना वाटलं तो घाबरलाय. त्यांनी खुर्ची जवळ घेतली. 'म्हणूनच बोलावलं. तुम्ही या आकड्यावर निर्धास्त राहू नये म्हणून. तुमचा स्कॅन स्वच्छ आहे, आणि तो खरा. या आकड्यापुरतं आम्ही तुम्हाला अभ्यासातून वगळतोय. हे आधीच लक्षात यायला हवं होतं आमच्या.'

'वगळताय.'

'त्या भागातून फक्त.'

'असू दे,' रंगारी म्हणाला. 'तुमचं तरी काय चुकलं.'

बाहेर येऊन तो जिन्याच्या पायरीवर बसला. आधी त्याला हसू आलं. त्या दोन सिगारेटी आठवून. चांगला ठसका लागला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि सगळं कशासाठी तर पॉलिस्टरला रंग चढावा म्हणून. मग हसू गेलं. पायऱ्यांवरून माणसं वर-खाली करत होती, त्याच्या बाजूने वळून जात होती. एकाने विचारलं, 'बरं नाही का?' तो म्हणाला, 'बरं आहे. तेच आहे.'

फोन, यावेळी त्याने केलेला

— काय झालं?

— काही नाही. सहज केला.

— सहज? तू? बाबा, काय झालं?

— अगं, काही नाही. तो आकडा आहे ना आपला. तो नाहीच आहे.

मग त्याने सगळं सांगितलं. शिवणीचंही सांगितलं. ठमी लहानपणी हंड्यापाशी वाढलेली, तिला पटकन कळलं.

— म्हणजे इतके दिवस मी उगाच...

— हो.

— उगाच निवांत झोपत होते.

— तू झोप. स्कॅन चांगला आहे. तो खरा असतो म्हणाल्या.

— ठीक आहे. मग आता स्कॅनवर ठरवू. स्कॅनमध्ये काही दिसलं की मी येते. ठरलं?

न बोललेलं

स्कॅनमध्ये दिसणं म्हणजे चहाचा हात लागणं नव्हे. आकड्याबद्दल त्याला इच्छा धरता येत होती, कारण आकडा म्हणजे कागदावरचं काहीतरी. स्कॅनमध्ये जे दिसेल ते त्याच्या पोटात असेल. त्याची वाट बघत बसणं म्हणजे... आणि ते न दिसावं असं वाटलं तर मग ती कधी... हा विचार त्याच्याने पुरा होईना. ठमी तिकडून 'ठरलं ना?' असं पुन्हा विचारत होती.

तोच फोन

— नाही.

— काय नाही?

— काही नाही दिसलं तरी ये.



— बाबा, खरं सांग. काय म्हणाले डॉक्टर?

— छान आहे म्हणाले.

— छान आहे तर ये का म्हणतोयस? तू कधीच म्हणत नाहीस असं. आई गेली तेव्हासुद्धा म्हणाला नाहीस. लपवतोयस तू काहीतरी.

— नाही गं, ठमे.

— थांब. मी त्या डॉक्टरांनाच विचारते.

फोन बंद झाला.

मधे

एक गिऱ्हाईक आलं. तरुण माणूस, राखी कोट, काळा करून हवा.

'शिवण पांढरी राहील,' रंगारी म्हणाला.

'दिसेल का ती?'

'दिसेल. जवळून.'

'जवळून कोण बघतंय,' असं म्हणून तो कोट टाकून गेला.

पिशवी भरली होती. रंगारी आत गेला, खाली वाकून तोटी उघडली, रिकामी केली, तोटी पुसली, बंद केली. सिस्टरनी शिकवलं होतं तसं. पाणी स्वच्छ पिवळं होतं. हल्ली तो नीट बघतो. हात धुतले. फोन तिकडे काउंटरवर होता, आणि नळ चालू असताना तो वाजला तर ऐकू येणार नाही म्हणून त्याने नळ अर्धवटच उघडला होता.

समोर किल्लीवाल्याने शटर ओढलं, हात वर केला आणि घरी गेला. त्याच्या घरी पाच माणसं असतात.

फोन

— बोलले मी. देवा, बाबा, किती घाबरवलंस. सगळं व्यवस्थित आहे म्हणाल्या त्या. स्कॅन स्वच्छ, किडन्या छान. माझे हातपाय गार पडले होते इकडे.

— तेच सांगत होतो मी.

— असं सांगतात का? एकदम ये म्हणे. मी तर रजेचा अर्ज उघडून बसले होते. आता बंद केलं. नाहीच काही, तर कशाला धावपळ. पुढच्या वर्षी बघू, नीट ठरवून.

इथे 'हो' म्हणायचं असतं. 'हो, तिकडचं बघ तू', मग 'जेवलास का', मग 'जेवलो'. हे सगळं त्याच्या तोंडात तयार होतं. त्याने ते गिळलं.

— बाबा?

— ठमे, मी काही झालंय म्हणून नव्हतो म्हणत.

— मग?

— तू यावंस म्हणून म्हणत होतो. त्याच्यामागे काही नाही. रिपोर्ट नाही, काही नाही. मला इथे फार...

त्याला पुढचा शब्द मिळाला नाही. आयुष्यात कधी लागलाच नव्हता तो. तिकडे भांड्यांवर पाणी पडत होतं. तो आवाज थांबला. तिने नळ बंद केला होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती बसली होती.



— किती दिवस येऊ? ठमीने विचारलं. आवाज वेगळा होता. रागाचा होता की आणखी कसला, हे त्याला ओळखता आलं नाही.

एवढा पुढचा विचार रंगाऱ्याने कधी केलाच नव्हता. एक दिवस म्हणावं, तर एवढ्या लांबून ती एका दिवसासाठी कशी येणार. महिना म्हणावं, तर तिची नोकरी.

— बाबा, आहेस का?

— आहे, तो म्हणाला. सांगतो. तू फोन ठेवू नकोस.